रश्शाच्या पातेल्यासाठी घेतलेला थर्मामीटर

कोल्हापुरात महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात सुईचा थर्मामीटर मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाले, "वहिनी, हा मिठाईवाले नेतात. घरात कशाला?" साडेतीनशे रुपये देऊन मी तो घेतला. आता तो इतका वापरून झालाय की मटणाचा बेत करणाऱ्या प्रत्येक घरात तो असावा, असं मला मनापासून वाटतं.

वस्तू साधी आहे. वीतभर स्टीलची सुई, वर प्लॅस्टिकचं डोकं, त्यात आकडे. घरी आणल्यावर आधी तपासून घ्या. बर्फ कुटून ग्लासात भरा, जेमतेम बुडेल एवढं पाणी घाला, ढवळून सुई धरा. शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र कोल्हापुरात ९८ दिसेल. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, इथं पाणी १०० ला पोचायच्या आधीच उकळतं. तेव्हा बिघडलाय म्हणून परत करायला जाऊ नका.

मी तो घेतला रश्शासाठी. आमच्याकडे पाहुणे आले की तांबडा मोठ्या पातेल्यात होतो आणि उरतोच. रात्री झाकण ठेवून ओट्यावर ठेवायचा, सकाळी उकळी आणून परत वाढायचा, ही घरोघरची पद्धत. जत्रेच्या जेवणानंतर मी पातेल्यात सुई घालून बघितली. दहाला गॅस बंद केला होता. बाराला रस्सा ६६ वर. पहाटे पाचला ४१! वर कटाचा जाड थर, त्यावर झाकण, वाफ जायला वाटच नाही. रस्सा रात्रभर नुसता गरम-कोमट होत राहिला. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला हेच मानवतं. त्याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. रस्सा पन्नाशीच्या खाली उतरला की ते रुजतात आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास भराभर वाढतात. वासात, चवीत काही कळत नाही. जेवणावळीनंतर पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात, त्यामागे पुष्कळदा हाच असतो.

आता जेवणं आटोपली की मी कट वेगळा काढते, रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत ओतते आणि भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवून ढवळते. पाणी एकदा बदललं की तासाभरात रस्सा तिशीवर येतो, मग लगेच फ्रिजमध्ये. सकाळी गरम करताना मधोमध ७४ दिसेपर्यंत गॅस बंद करत नाही. चिकनच्या जाड तुकड्यालाही हाच आकडा, फक्त सुई हाडाला टेकू द्यायची नाही. फ्रिजमध्ये पाण्याचा ग्लास रात्रभर ठेवून सकाळी त्यात सुई घाला, फ्रिज किती गार आहे तेही कळतं. आमचा मे महिन्यात ९ वर होता. ५ किंवा त्याखाली हवा. बटण फिरवून नीट केला.

विरजणालाही तो वापरते. आत्या (माझ्या सासूबाई) दुधात करंगळी बुडवून "आता घाल" म्हणाल्या, त्याच क्षणी मी सुई घातली तर ४३. दही लावायला हवं तेवढंच! त्यांचं बोट पक्कं आहे, पण माझ्या मुलीला पुण्यातल्या खोलीवर ते बोट कुठून मिळणार? तिला हा आकडा दिलाय. मार्गशीर्षात आंबिलीसाठी ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ गारठ्यामुळं आंबत नाही, तेव्हाही उपयोग होतो. पीठ विसाच्या खाली दिसलं की पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवते, २८ च्या आसपास राहिलं की सकाळपर्यंत छान आंबतं.

याला जमत नाही ते पण सांगते. आंबटपणा तो मोजत नाही, त्यामुळं लोणचं टिकेल की नाही हे त्याला विचारू नका. रात्रभर बाहेर राहिलेला भातही तो सोडवत नाही. बॅसिलस सिरियस हा जिवाणू भातात जे विष सोडतो ते फोडणीच्या भाताच्या आचेनं जात नाही. असा भात कितीही कढत केला तरी खाऊ नये. भात रात्रीच फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

वस्तूत खोड्या आहेत. आकडा स्थिर व्हायला आठ-दहा सेकंद लागतात, तोवर वाफेनं हात भाजतो. डोक्यात पाणी जातं, म्हणून नळाखाली धरायचा नाही; सुई तेवढी साबणाच्या फडक्यानं पुसायची, आणि कच्च्या मटणातून काढल्यावर तर पुसल्याशिवाय दुसऱ्या भांड्यात घालायचीच नाही. सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण नको तिथं आहे, धक्का लागला की दह्याचं दूध एकदम १०९ दाखवतं. पाकिटावर ३०० अंशांपर्यंत चालतो असं छापलंय, पण तळणाच्या कढईवर धरला की काच धुरकटते. तळणासाठी घेऊ नका.

सेल घड्याळातल्यासारखा बारीक बटणाचा आहे. घेतानाच एक जादा मागून घ्या आणि सुईवरचं टोपण घट्ट बसतंय का, ते दुकानातच बघा.