पावत्या सगळ्या होत्या, अर्ज मात्र नव्हता

नाशिकला कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात परदेशी शिक्षणाची ऑफिसं आता गल्लोगल्ली झाली आहेत. त्यांत नीट काम करणारेही आहेत, सगळे एकाच माळेचे मणी नाहीत. पण त्यांतल्या एकाने आमच्या घरातून सात लाखांच्या वर रक्कम कशी काढली ते सविस्तर लिहिते, कारण ते ऑफिस अजून उघडं आहे आणि पोरं तिथे फाइल देताहेत.

माझ्या धाकट्या भावाला कॅनडात, ओंटारियोमधल्या एका कॉलेजात, पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करायचं होतं. सप्टेंबर २०२५ चा प्रवेश. कॉलेजचं नाव घेत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काडीचा संबंध नाही.

आमचे अण्णा निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. व्यापारी माल भरून नेतो, चेक देतो आणि चेक वटत नाही, हे आमच्याकडे दर सीझनला कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. त्यामुळे अण्णा कागदाशिवाय रुपया सोडत नाहीत. त्या ऑफिसवाल्या माणसाने हे पहिल्या भेटीतच ओळखलं. आम्ही मागायच्या आधी पावती हातात. भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेटं, खाली लाल अक्षरात 'शासनमान्य'. जवळ जाऊन वाचलं तर एक शॉप ॲक्टचं, एक उद्यम नोंदणीचं आणि एक जीएसटीचं. शॉप ॲक्ट तर आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही आहे.

कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा अर्ज भरायचा, तर तिकडचा परवाना लागतो. एकतर तो माणूस तिथला वकील हवा, नाहीतर आरसीआयसी म्हणजे नोंदणीकृत सल्लागार. त्यांची यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. शिवाय तो तुमच्या वतीने अर्ज करत असेल, तर तसा प्रतिनिधीचा फॉर्म, आयएमएम ५४७६, तुमच्या सहीने जोडावा लागतो. आमच्यासमोर हा फॉर्म कधी आलाच नाही.

खरी मेख मात्र ईमेलमध्ये होती. भावाच्या नावाने नवा जीमेल त्या ऑफिसनेच काढला. पासवर्ड त्यांच्याकडे, रिकव्हरीला मोबाइल नंबरही त्यांचाच. कारण काय, तर "विद्यार्थी मेल बघत नाहीत काका, मग डेडलाइन चुकते." ऐकायला किती काळजीचं! पण कॅनडाचं इमिग्रेशन खातं, कॉलेज, सगळे बोलतात ते त्या ईमेलशी. तो दुसऱ्याच्या हातात असेल, तर तुम्हाला दिसतं ते फक्त त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पीडीएफ. आम्हाला प्रवेशाचं पत्र, फी भरल्याची पावती आणि अर्ज दाखल झाल्याची पोच, तिन्ही अशीच मिळाली.

ट्यूशन फीचे सहा लाख ऐंशी हजार त्याने स्वतःच्या फर्मच्या करंट अकाउंटला घेतले. "आमचं फॉरेक्सवाल्याशी टायअप आहे, रेट चांगला मिळतो." खरं तर ही फी आपल्याच बँकेतून, ए-टू हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरून थेट कॉलेजच्या खात्यावर जाते, आणि बँक स्विफ्टची, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याच्या संदेशाची, कॉपी देते. वर फाइल चार्जेस पस्तीस हजार. कॅनडा सरकारची स्टडी परमिटची फी १५० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांची ८५ डॉलर, एवढीच आहे.

मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. मला हे कळलं ते त्याने जीआयसीचे पैसेही त्याच खात्यावर मागितले तेव्हा. जीआयसी म्हणजे तिकडच्या राहण्याखाण्याच्या खर्चाची ठेव, तेव्हा २०,६३५ कॅनेडियन डॉलर. ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाने कॅनडाच्या बँकेत ठेवायची असते, मध्ये कुणाच्या फर्मचं खातं येतच नाही. शिवाय तो म्हणत होता, "एसडीएसमध्ये टाकलंय, वीस दिवसांत व्हिसा." एसडीएस ही जलद योजना कॅनडाने ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद केली होती!

मग रात्री बसून प्रवेशाचं पत्र नीट पाहिलं. लोगो बरोबर, सही बरोबर. तिथल्या प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेला डीएलआय नंबर असतो आणि त्याची सुरुवात इंग्रजी 'ओ' या अक्षराने होते. आमच्या पत्रावर तिथे शून्य होतं. पीडीएफमधला नंबर कॉपी करून सरकारी यादीत शोधला, काही सापडेना. शून्य काढून 'ओ' टाकला, लगेच कॉलेज आलं. म्हणजे कुणीतरी ते पत्र बघून बघून टाइप केलं होतं. कॉलेजच्या वेबसाइटवरून पत्ता घेऊन स्टुडंट नंबरसकट मेल टाकला. उत्तर आलं, या नंबरचा विद्यार्थी आमच्याकडे नाही.

व्हिसाचा अर्ज तर भरलेलाच नव्हता. भरला असता तर फी भरल्यावर ठसे देण्याचं पत्र येतं, ते घेऊन व्हीएफएस या व्हिसाचं काम बघणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जावं लागतं. आमच्याकडे ते आलंच नव्हतं आणि "ते शेवटी येतं" असं सांगितलं जात होतं. प्रांताचं अनुमोदन पत्रही नव्हतं, जे जानेवारी २०२४ पासून अशा कोर्सना लागतं.

पण अर्ज भरला नाही हे आमचं नशीबच. डिसेंबर २०२३ पासून इमिग्रेशन खातं प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेतं, त्यामुळे हे पत्र तिथे पकडलं जाण्याचीच शक्यता होती. आणि खोटं कागदपत्र सापडलं, तर पाच वर्षं प्रवेशबंदी लागू शकते, तीही ज्याच्या नावाचा अर्ज त्याला. एजंट इथे मोकळा.

जाब विचारायला गेलो तर रिसेप्शनवरची मुलगी, "सर मीटिंगमध्ये आहेत." फोनवर तो, "ताई, फाइल अंडर प्रोसेस आहे, टेन्शन घेऊ नका." कॉलेजचा मेल पुढे ठेवला तेव्हा आवाज चढला, मग उतरला.

आम्ही पोलिसांत फसवणूक आणि बनावट कागदपत्रांची तक्रार दिली आहे. तिथे उपयोगी पडलं ते असं: बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, पीडीएफ जशा आल्या तशा, आणि व्हॉट्सॲपचं पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून. भावाने रागाच्या भरात चॅट डिलीट करायला घेतलं होतं, मी फोन काढून घेतला. पैसे नुकतेच गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. आमच्या बाबतीत महिने उलटले होते.

तक्रारीनंतर त्याने एका ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवला. निम्मे पैसे चेकने, आणि स्टॅम्प पेपरवर 'व्यवहार पूर्ण झाला, काही तक्रार नाही' अशी सही. वकील म्हणाले, सही करायची नाही. अण्णांनी तर चेक हा शब्द ऐकूनच निरोप्याला चहा न पाजता परत पाठवलं.