हॅलेच्या धुळीचे दोन उल्कावर्षाव: मे की ऑक्टोबर?

हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, आता यायचा तो २०६१ मध्ये. पण त्याने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी दोनदा जाते. ६ मेच्या सुमारास उल्का कुंभ राशीतून आल्यासारख्या दिसतात, २१-२२ ऑक्टोबरला मृग नक्षत्राच्या बाजूने. महाराष्ट्रातून यांपैकी एकाच रात्री जागायचं असेल, तर कोणत्या?

कागदावर मे सरस आहे: ताशी सुमारे ५० उल्का, ऑक्टोबरच्या २०. धूमकेतूची कक्षा मेच्या बाजूला पृथ्वीच्या कक्षेला अधिक जवळ येते, म्हणून. मात्र हे आकडे उगमबिंदू (आकाशात उल्का जिथून आल्यासारख्या दिसतात ती जागा) डोक्यावर आणि आकाश काळंभोर असताना लागू पडतात. आपल्या अक्षांशावर कुंभेतला उगमबिंदू रात्री दोननंतर उगवतो आणि पावणेपाचच्या सुमारास उजाडू लागतं, तोवर जेमतेम ३५ अंश वर चढलेला असतो. ५० चे उरतात तिशीच्या आत, तेही शेवटच्या तासाभरात. मृगाचा उगमबिंदू रात्री साडेदहा-अकराला वर येतो आणि पहाटे पाचला जवळजवळ खमध्यावर, म्हणजे थेट डोक्यावर असतो. एक वाजता अंथरूण टाकलं तर चार तास मिळतात आणि शेवटी वीसच्या वीस पदरात पडू शकतात. शहराच्या उजेडात दोन्ही आकडे कोसळतात, हे वेगळं सांगायला नको.

जागेचाही फरक आहे. मेमध्ये पूर्व क्षितिज मोकळं हवं, तिकडे डोंगर आडवा असला की खेळ संपला. ऑक्टोबरमध्ये डोक्यावरचं आकाश उघडं असलं तरी भागतं. हवा म्हणाल तर मेमध्ये ढग कमी पण धुरळा फार. ऑक्टोबरमध्ये पावसाने धुतलेलं आकाश मिळतं, फक्त परतीचा पाऊस रेंगाळायला नको आणि दिवाळी जवळ असेल तर फटाक्यांचा धूर टाळायला गावापासून लांब जायला हवं.

वेग दोन्हींचा सारखाच, सेकंदाला ६६ किलोमीटर. त्यामुळे ठळक उल्केमागे चमकती रेघ काही क्षण रेंगाळते. ती पाहण्यासाठी तरी जागावंच!

भाकिताच्या दृष्टीने मला मे जास्त ओढ लावतो. २०१३ मध्ये जपानच्या मिकिया सातो यांनी गणिताने आधीच सांगितलं होतं की जुने धूलिपट्टे आडवे येतील, आणि त्या वर्षी ताशी दर नेहमीच्या दुपटीहून वर गेला. ती धूळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची होती. ऑक्टोबरचा वर्षावही २००६ नंतर काही वर्षं जोरात होता. गुरूच्या ओढीने तिथले कण एकत्र राखले गेले होते.

माझा कौल: पहिल्यांदाच बघणाऱ्यांनी, मुलांना नेणाऱ्यांनी ऑक्टोबर घ्यावा. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र बेलाशक मे, तिथे कुंभ बरीच वर येते आणि पहाटही उशिरा होते.

बाकी सगळं चंद्रावर. २०२६ च्या मेमध्ये पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणून ती पहाट सोडून द्यावी. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला चंद्र पहाटे तीनच्या आसपास मावळतो, पुढचे दोन तास अंधारे. २०२७ मध्ये ६ मेलाच अमावास्या आहे, आणि ऑक्टोबरच्या पहाटे अर्धा चंद्र आड येणार. त्या वर्षी मोकळं पूर्व क्षितिज शोधून मेच गाठावा.