नागपूरच्या बर्डीवरचं हे प्लेसमेंट ऑफिस : जागा कुठं आहे अन् तिथून परत कसं यायचं, दोन्ही सांगतात

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. आधी थोडं माझं सांगते, नाहीतर चार का दिले ते समजणार नाही.

2020 पर्यंत मी पुण्यात एका ट्रॅव्हल्स कंपनीत अकाउंट्स पाहायची, पगार 24 हजार. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, एप्रिलचा पगार अर्धा आला, मेचा आलाच नाही, अन् जूनमध्ये सामान बांधून मी मानेवाड्याला आईकडे परत आली. माझी रूममेट आयटीत होती, तिचं लॅपटॉपवर काम चालूच, ती गावी जाऊन बसली तरी पूर्ण पगार. फ्लॅट एक, महिना एक, अन् दोघींचं असं. मामेबहीण डोंबिवलीला राहते, तिचं ऑफिस उघडलं होतं पण लोकल बंद, सगळ्यांसाठी लोकल सुरू झाली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठराविक वेळातच, एप्रिलात परत बंद, मग 15 ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना परवानगी. तिच्या ऑफिसमध्ये काम होतं हो, तिला तिथं पोचताच येत नव्हतं, म्हणून तिची नोकरी गेली.

अन् आपल्याकडे तर दुसरी लाट आधी आली. 22 फेब्रुवारी 2021 पासून अमरावती बंद, 15 मार्चपासून नागपूर बंद, बाकी महाराष्ट्र एप्रिलात बंद झाला. माझा इतवारीत एका होलसेलवाल्याकडे 16 मार्चला इंटरव्ह्यू होता, शनिवारी फोन आला की आता येऊ नका, नंतर कळवतो. ते नंतर काही आलंच नाही. त्याच वर्षी एका एजन्सीनं रजिस्ट्रेशनचे अडीच हजार घेतले अन् फोन उचलणं बंद केलं, ते पैसे आईनं दिले होते, मला आजपण ते लागतं मनाला.

म्हणून कोणी म्हटलं ना की मार्केट रिकव्हर झालं, की मी विचारते, कुठलं मार्केट? सरकारी सर्वेत शहरांमधली बेरोजगारी एप्रिल-जून 2020 ला जवळपास 21 टक्के होती, अन् 2022 च्या त्याच तीन महिन्यांत 7.6 टक्क्यांवर आली. आकडा बरोबरच असेल, पण तो अख्ख्या देशाच्या शहरांचा, त्यात माझी रूममेटही आली, डोंबिवलीची बहीणही आली अन् मीही आली.

जुलै 2022 मध्ये मी या ऑफिसमध्ये गेली. दुसऱ्या माळ्यावर एक खोली, एक टेबल, पंखा, अन् सर. सरांनी आधी सीव्ही पाहिलाच नाही, विचारलं राहता कुठं, गाडी येते का चालवता? मग एक लांब रजिस्टर काढलं. त्यात कंपनीच्या नावापुढे शिफ्ट, पगार, अन् शेवटचा रकाना ‘परत कसं’. शहराबाहेरच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका जागेपुढे लिहिलं होतं, सेकंड शिफ्ट, गाडी चौकापर्यंतच, घरापर्यंत नाही. हिंगण्याच्या एकीपुढे, लोकमान्य नगर मेट्रो, पुढे शेअर ऑटो. विमानतळाजवळच्या मिहानच्या जागांपुढे खापरी मेट्रोहून किती वेळ लागतो ते मिनिटांत. मी इतके पोर्टल भरले, एकानंही मला हे विचारलं नव्हतं, अन् मुलीच्या घरचे तर पहिले हेच विचारतात ना.

मग म्हणाले, “बेटा, ट्रॅव्हल्सच्या अकाउंट्सची नागपुरात आत्ता माझ्याकडे एकपण जागा नाही. शहराबाहेर वाडी आहे ना, तिथं गोडाऊनवाल्यांकडे चार आहेत. ई-वे बिल येते का?” ई-वे बिल म्हणजे माल गाडीनं पाठवताना ऑनलाइन काढावं लागतं ते, मी म्हटलं येते. त्यांनी नीट समजावून सांगितलं की जीएसटी 2017 ला लागल्यावर टॅक्ससाठी राज्याराज्यात गोडाऊन ठेवायची गरज कमी झाली, नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून माल इथं उतरवून चारी दिशेला पाठवतात, त्यात लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन खरेदी वाढली, तर बिलिंग अन् डिस्पॅचची माणसं लागून राहिली. पर्यटन-हॉटेलवाले मागून उघडतील, तोवर थांबायचं का वाडीला जायचं, तुम्ही ठरवा. पगारही आधीच सांगितला, 16 हजार, पुण्याचा आकडा इथं मागू नका. वाईट वाटलं, घरी येऊन रडली पण मी, पण खोटं बोलले नाहीत हे महत्त्वाचं.

नवव्या दिवशी जॉइन झाली. डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा मी डिस्पॅचलाच होती. आज पगार 23 हजार आहे, म्हणजे पुण्यात 2020 ला होता त्याच्यापेक्षा अजून हजार कमीच, अन् तिकडची रूममेट मधल्या काळात दोन कंपन्या बदलून बसली. हे पण लिहायलाच पाहिजे.

फी अर्धा पगार, म्हणजे आठ हजार, पण पहिला पगार हातात आल्यावर, दोन हप्त्यांत. आधी एक रुपया नाही. 2024 मध्ये डिप्लोमावाल्या भावाला घेऊन गेली तर त्याला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा फॉर्म स्वतः भरून दिला, सहा महिने, महिन्याला 8 हजार स्टायपेंड, त्याचे काहीच घेतले नाहीत.

आता एक स्टार. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मला पहिल्या हप्त्याची दोनदा मागावी लागली, अन् जिचे अडीच हजार आधीच बुडालेत तिच्या छातीत धस्स होते हो. दुसरं, मुली तास-तास जिन्यात उभ्या असतात, बाथरूमची चावी खालच्या दुकानदाराकडे, ती मागायला लाज वाटते. सर, हे वाचत असाल तर एक चावी टेबलावर ठेवा.

जाणार असाल तर शनिवार सोडून, सकाळी अकराच्या आत जा. टॅली, म्हणजे अकाउंट्सचं सॉफ्टवेअर, येत असेल तर तसं आधीच सांगा, अन् टू-व्हीलरचं लायसन्स असेल तर झेरॉक्स सोबत न्या, वाडी-बुटीबोरीच्या जागांना ते पहिले पाहतात.