पाण्याकाठचा बेसबॉल: सॅन फ्रान्सिस्को की पिट्सबर्ग?

बेसबॉलच्या सामन्याभोवती छोटी सहल आखणाऱ्यांसाठी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे ओरॅकल पार्क आणि पिट्सबर्गचे पीएनसी पार्क ही दोन मैदाने उत्तम पर्याय आहेत.

2000 मध्ये खुले झालेले ओरॅकल पार्क खाडीला भिडलेले असून, उजवीकडच्या भिंतीपलीकडे दूर टोलवलेला चेंडू मॅकोव्ही कोव्हच्या पाण्यात पडतो आणि तो टिपण्यासाठी कायाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) घेतलेले हौशी प्रेक्षक तिथे ताटकळत असतात. कॅल्ट्रेन या उपनगरी रेल्वेचे स्थानक जवळ आहे. मात्र जुलैतही रात्रीच्या सामन्याला जाकीट हवेच, आणि मुक्काम महाग पडतो.

पिट्सबर्गमध्ये शहराच्या मध्यभागी उतरावे, सकाळी 1877 पासूनच्या ड्यूकेन इन्क्लाइन या डोंगर चढणाऱ्या रेल्वेने डोंगरावर जाऊन तीन नद्यांचा संगम पाहावा, दुपारी अँडी वॉरहॉल संग्रहालय पाहावे आणि संध्याकाळी, सामन्याच्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवल्या जाणाऱ्या पिट्सबर्गचे दिग्गज बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाच्या पुलावरून ॲलेघेनी नदी ओलांडत पायीच मैदान गाठावे. तिथली उजवी भिंत क्लेमेंटे यांच्या जर्सी क्रमांकाला मान देत 21 फूट उंच ठेवली आहे. तिसऱ्या बेसच्या बाजूची वरची आसने घेतल्यास नदी, पूल आणि उंच इमारती एकत्र दिसतात.

केवळ सामन्यासाठी पहिलीच सहल असेल, तर मी निःसंकोच पिट्सबर्ग सुचवेन.