एकीला मोड नाहीत, दुसरीला ऑटो-स्टॉपचं बटण नाही

माझी मारुतीची ग्रँड विटारा माइल्ड हायब्रिड, मॅन्युअल. दाजींची ग्रँड विटाराच, पण स्ट्राँग हायब्रिड, ऑटोमॅटिक. गेल्या उन्हाळ्यात दाजी-ताई दीड महिना मुलाकडे परदेशी गेले आणि जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "नुसती उभी ठेवू नकोस, बॅटरी उतरंल." मला वाटलं मोटर चालवणारी मोठी बॅटरी उतरंल म्हणतायत. तसं नव्हतं. स्ट्राँग हायब्रिडमध्येही नेहमीची 12 व्होल्टची बॅटरी असतेच, आणि ती उतरली तर मोठी कितीही भरलेली असो, गाडी जागची हलत नाही.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंय, दोन्हीतली कुठली घेऊ? टोयोटाच्या हायरायडरचीही हीच दोन रूपं आहेत, त्यामुळे पुढचं बरंचसं तिलाही लागू.

शोरूममध्ये दोन्हींना 'हायब्रिड'च म्हणतात, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड, आणि गोंधळ तिथंच सुरू होतो. माइल्डमध्ये 103 पीएसचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला पट्ट्यानं जोडलेला स्टार्टर-जनरेटर (एक लहान मोटरच) आणि एक छोटी लिथियम बॅटरी. ती मोटर इंजिनाला थोडा हात देते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँगमध्ये तीन सिलिंडरचं 92 पीएसचं इंजिन आणि चाकं स्वतः फिरवू शकणारी मोटर, दोन्हींची मिळून ताकद 116 पीएसच्या आसपास. कंपनीचे मायलेजचे आकडे माइल्ड मॅन्युअलला लिटरला 21.11 किलोमीटर आणि स्ट्राँगला 27.97. माझ्या हातात, टाकी फुल ते टाकी फुल, निम्मं गाव निम्मा हायवे असं चालवून 16 आणि 22 पडलं.

आता गंमत बघा. माझ्या साध्या टू-व्हील ड्राइव्ह माइल्डला ड्राइव्ह मोडच नाहीत, आहे फक्त ऑटो-स्टॉप बंद करायचं बटण. दाजींच्या गाडीत ईव्ही (नुसत्या विजेवर), इको, नॉर्मल, पॉवर सगळं आहे, पण ऑटो-स्टॉपचं बटण नाही. इंजिन कधी बंद, कधी चालू, हे ती गाडी तुम्हाला विचारत नाही.

आधी ऑटो-स्टॉप. इथं कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला लाल दिवा लागला, मी न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन गप्प. मीटरवर हिरवा 'ए' दिसतो. क्लच दाबला की पट्ट्यावरच चालू होतं, स्टार्टरची खरखर नाही. हे ऐकायला झकास. पण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, म्हणून इंजिन थांबलं की उरतो नुसता पंखा. एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता आधी वाऱ्यातला गारवा जातो, मग दमट वास येतो, आणि तुम्ही वैतागायच्या आत इंजिन आपणहून चालू होतं. म्हणजे उन्हाळ्यात बचत जवळजवळ नाहीच. महाद्वार रोडला तर मी ते बटण दाबून बंदच करून टाकतो. तिथं गाडी दहा फूट सरकते, थांबते, परत दहा फूट, आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद-चालू झालं की डोकं उठतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ते परत दाबावं लागतं, एवढीच कटकट. सिग्नलवर चाळीस सेकंदांच्या वरचा आकडा दिसला तरच ऑटो-स्टॉपला अर्थ.

एक चूक माझी. मागं माझ्या गाडीची नेहमीची लेड बॅटरी गेली तेव्हा एका दुकानदारानं "तीच साइज आहे, हजारभर वाचतील" म्हणून साधी बसवली, मीही हो म्हणालो. ऑटो-स्टॉपच्या गाडीला वारंवार सुरू होणं सोसणारी वेगळी लेड बॅटरी लागते. महिन्याभरात हिरवा 'ए' दिसेनासा झाला आणि वर्ष भरायच्या आत बॅटरी बसली. हजार वाचवायच्या नादात पूर्ण बॅटरीचे पैसे परत गेले.

दाजींच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. रंकाळ्यावर रविवारी संध्याकाळी मी शालिनी पॅलेसच्या बाजूनं रांगेत सरकत होतो. एसी गार, इंजिन बंद, बाहेरच्या भेळवाल्याचा आवाज काचेतून स्पष्ट. पाच-सात मिनिटांनी बॅटरी कमी झाली की इंजिन घुरघुरायचं, थोडं भरून परत गप्प. दोन्ही गाड्यांतला खरा फरक तिथं कळला. बाकी सगळे आकडे त्याच्यामागून येतात.

पण शांतपणाचा एक धोका आहे. आई मागं बसली होती, म्हणाली, "बंद पडली काय रे?" आणि दार उघडून उतरायला निघाली. मीटरवर 'रेडी' दिसत असेल तर गाडी चालू आहे, आवाज असो-नसो. गिअर 'डी'मध्ये ठेवून दूध आणायला उतरायचं नाही.

मोडबद्दल जेवढं बोललं जातं, तेवढं त्यात काही नाही. इको मोड ॲक्सिलरेटर मऊ करतो आणि एसीवर हात आखडतो. पॉवर मोडनं ताकद वाढत नाही, पाय थोडा दिला तरी गाडी जास्त उसळते, इतकंच. पाय पूर्ण दाबला तर कुठल्याही मोडमध्ये तेवढंच मिळतं. गगनबावड्याच्या रस्त्याला उसाची जोड ट्रॉली ओलांडताना पॉवर लावून बघितलं, नॉर्मलमध्येही बघितलं. दोन्ही वेळा आवाज आधी गेला आणि गाडी मागनं. त्या ऑटोमॅटिकची ती सवयच आहे.

ईव्ही बटण मात्र मनापासून आवडलं. पहाटे पाचला गल्लीतून कुणाला न उठवता बाहेर पडता येतं. पण 0.76 किलोवॅट-तासाची बॅटरी ती किती पुरणार? पाय थोडा जड पडला की मोड आपोआप सुटतो. कधी कधी इंजिन गार असताना गाडी सरळ नकारच देते. म्हणूनच ज्यांचं चालवणं राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच आहे, त्यांनी 27 च्या आकड्यावर भुलू नये. इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचलेले असता.

घाटात दोन्हींची पारडी फिरतात. आंबा घाट चढताना पाच माणसं आणि सामान असलं की स्ट्राँगची बॅटरी लवकर रिकामी होते आणि ओझं तीन सिलिंडरवर येतं. आवाज वाढतो. माझी मॅन्युअल दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला खुशाल चढते. उतारावर उलटं. करूळ घाट उतरताना दाजींची गाडी 'बी'मध्ये (उतारावर वेग रोखणाऱ्या गिअरमध्ये) टाकली, ब्रेकला पाय लावायची गरज कमी झाली, बॅटरी भरत गेली. अर्ध्या घाटात ती भरली आणि अचानक इंजिन ओरडायला लागलं. मी घाबरून गाडी कडेला घेतली. नंतर कळलं, वीज साठवायला जागा उरली नाही की गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवून वेग धरून ठेवते. बिघाड नाही.

पुण्याच्या हायवेला शंभरच्या स्थिर वेगात स्ट्राँगचा फायदा बराच आटतो. शिवाय तिची बॅटरी डिकीच्या तळाशी असल्यानं खोली जाते. लग्नाच्या सीझनला हे जाणवतं.

मग पैशाचं. दोन्हींच्या किमतीतला फरक त्या दिवशीचा लेखी घ्या. धरून चला मॅन्युअल माइल्डपेक्षा स्ट्राँग चार लाखांनी महाग आहे आणि पेट्रोल 105 रुपये. माझ्या 16 आणि 22 च्या हिशेबानं हजार किलोमीटरला 17 लिटर, म्हणजे 1,790 रुपये वाचतात. चार लाख वसूल व्हायला सव्वादोन लाख किलोमीटर! महिन्याला हजार चालवणाऱ्याला साडेअठरा वर्षं. तुम्हाला ऑटोमॅटिकच हवी असेल, म्हणजे तुलना माइल्ड ऑटोमॅटिकशी, आणि फरक अडीच लाखांवर आला, तर तो आकडा 1,40,000 किलोमीटरपर्यंत उतरतो. शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीत रोज ये-जा करून महिन्याला अडीच हजार चालवणाऱ्यानं स्ट्राँग जरूर घ्यावी. गुडघे दुखणाऱ्यानं हिशेब न करता घ्यावी. बाकीच्यांना मी माइल्ड मॅन्युअल सांगतो, ऑटो-स्टॉप बंद करायचं ते बटण आहे हे लक्षात ठेवून.

शेताकडं चिखलातून जायचं असेल तर माइल्डमध्येच मिळणारी ऑल-व्हील ड्राइव्ह बघा. तिला ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक असे मोड आहेत. पन्हाळ्यावर बर्फ पडत नाही हे मलाही माहीत आहे, पण निसरड्या मातीलाही स्नोच कामाचा, आणि रुतल्यावर लॉक.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन रिकाम्या रस्त्यावर नेऊन "पॉवर मोड दाबून बघा, नादखुळा!" म्हणेल. त्याला म्हणा, एसी फुल ठेव आणि शुक्रवारी दुपारी ऐन गर्दीत बिंदू चौकातून भवानी मंडपाकडं घे.