दागिन्यांच्या फोटोंसाठी नॅनोतंतूंचा परावर्तक कागद

मोत्यांच्या नथीचा फोटो काढणे फार जिकिरीचे असते, कारण प्रत्येक मोती समोरच्या दिव्याची प्रतिमा आपल्या अंगावर घेतो. गिरगावातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत दिव्याचा उजेड परतवून दागिन्यावर टाकण्यासाठी मी इतकी वर्षे थर्माकोल आणि चंदेरी फॉइलवर भागवत होते. दोन महिन्यांपूर्वी लोहार चाळीतल्या एका दुकानातून नॅनोतंतूंचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतूंचा, पांढरा परावर्तक कागद आणला.

खोली अंधारी करून एकाच टॉर्चचा झोत मी आधी समोरून, मग 45 अंशांतून आणि शेवटी पृष्ठभागाला जवळजवळ चाटून जाईल असा टाकला. फॉइलवर प्रकाश ज्या कोनाने येतो त्याच कोनाने पलीकडे जातो, त्यामुळे मान जराशी हलवली की उजेड नाहीसा होतो. या कागदावर पहिल्या दोन्ही वेळी मी कुठूनही पाहिले तरी पांढरेपणा सारखाच राहिला. झोत अगदी तिरपा केल्यावर मात्र पलीकडच्या बाजूला फिकट चमक दिसली, म्हणून दिवा फार खाली ठेवू नये. तंतू एकाच दिशेने बसवलेले असते, तर सॅटिनसारखा आडव्या-उभ्यातला फरक जाणवला असता; ते वाटेल तसे पसरलेले असल्यामुळे कागद फिरवूनही काही बदलले नाही.

या तंतूंची जाडी काहीशे नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास असते. तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याचे प्रमाण, वेगळा असल्यामुळे प्रकाश आत पुन्हा पुन्हा विखुरतो आणि सर्व दिशांनी बाहेर येतो. पांढरेपणा रंगाचा नसून या पोकळ्यांचा आहे, आणि हे मला एका चुकीमुळे कळले. तेलकट अंगठा लागला, तिथे तेलाने हवेची जागा घेतली आणि वड्याच्या तेलाने वर्तमानपत्राचा कागद अर्धपारदर्शक व्हावा तसा करडा डाग उमटला. तो पुसून जात नाही. दुकानदाराने ही सूचना द्यायला हवी होती. विचारल्यावर त्याने केवळ ‘हात लावू नका’ एवढेच सांगितले.

कागद थर्माकोलपेक्षा बराच महाग आहे, पण नथीच्या सोन्याच्या तारेवर आणि मोत्यांवर आता दिव्याचा टोचणारा ठिपका न दिसता मऊ, रुंद उजेड दिसतो, आणि मोत्याचा मूळचा गुलाबीपणा फोटोत उतरतो. मी दुसरा कागद मागवला आहे. हातमोजे आधी घेतले.