कोलंबस की वास्को द गामा: कोणाची सफर अधिक खडतर?

शाळेत ही दोन नावं आपण एका दमात पाठ केली. पण दर्यावर्दी म्हणून मला द गामा कितीतरी मोठा वाटतो.

कोलंबसने ६ सप्टेंबर १४९२ रोजी कॅनरी बेटं सोडली आणि १२ ऑक्टोबरला बहामात जमीन दिसली. वारा पाठीशी, जेमतेम पाच आठवडे. पुढे काय आहे याची कल्पना नसताना तो निघाला, हे धाडस मात्र त्याचंच. द गामाला आफ्रिकेच्या टोकापर्यंतची वाट पोर्तुगीज दर्यावर्दी दियासने १४८८ मध्येच दाखवली होती.

तरीही १४९७ मध्ये अटलांटिकात लांबचं वळण घेताना द गामाला तीन महिने किनारा दिसला नाही. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरातून मोसमी वाऱ्यावर तो २३ दिवसांत मलबारला पोचला. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर डागडुजी केली आणि वारा फिरण्याआधीच निघाला. मोसमी वारं ओळखणारा नाखवा तेव्हा बंदरातून हललाच नसता! तोच समुद्र ओलांडायला जवळपास तीन महिने लागले, हिरड्या सुजून खलाशी पटापट मेले.

क्रौर्यात दोघेही सारखेच: कोलंबसने कॅरिबियन बेटांवरच्या मूळ ताईनो लोकांना गुलाम करून स्पेनला पाठवलं, द गामाने १५०२ मध्ये हजच्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं.